मंदाकिनीची नसलेली बहीण

मंदाकिनी साळवे खोटं बोलली, तेही प्रार्थना-विनंतीत! नगरच्या उपदेशकाची ही लेक. कॅनडात ग्वेल्फच्या कारखान्यात पाव पॅक करतानाही भक्तिगीतं गुणगुणणारी. पण नवऱ्याच्या जिवावर बेतल्यावर तिनं करायचं तरी काय?

झालं असं. शेजारच्या किचनर शहरात एका बेसमेंटमध्ये दर रविवारी दुपारी मराठी ख्रिस्ती मंडळी जमत. तिथे देवेशब्रदर नावाचा एक संदेष्टा उपटला. कुणाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, अडकलीय, कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, सगळं डोळे मिटून घडाघडा सांगायचा. शिकायला आलेली पोरं ढसाढसा रडायची. एका रविवारी त्यानं मंदाकिनीच्या नवऱ्याच्या, राजनच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, मधुमेह गेला, आता इन्सुलिन टोचणं म्हणजे अविश्वास. राजननं घरी येऊन इन्सुलिनचं पेन कचऱ्यात टाकलं. पुढे त्याची तहान भागेना, जिना चढताना धाप लागायला लागली, तरी गडी हटेना. मंदाकिनीनं विनवलं, भांडली, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिला वडिलांचं शिकवणं आठवलं. बायबलातला शोमरोनचा शिमोन जादूगार असाच लोकांना भुलवायचा, लहानथोर त्याला देवाची महाशक्ती म्हणायचे. पण त्या काळच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या असल्यांना पारखून घ्यायच्या, नुसत्या माना डोलवायच्या नाहीत. मग या ब्रदरला कळतं तरी कुठून? अहो, आपल्याच लोकांची खोड! आठवडाभर घरातलं एकूण एक दुखणं व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना ग्रुपवर टाकायचं, ब्रदरलाही त्याच ग्रुपात घ्यायचं, आणि रविवारी त्यानं तेच ऐकवलं की हालेलुया करायचं. राजन तर ग्रुप कधी उघडायचाच नाही.

मंदाकिनीनं ग्रुपवर लिहिलं, संगमनेरच्या माझ्या धाकट्या बहिणीला मूल होत नाही, प्रार्थना करा. देवाचं मी नंतर बघून घेईन, असं म्हणून तिनं बटण दाबलं.

रविवारी ब्रदरनं तिच्याकडे बोट केलं. “मावशी, देव मला तुमची धाकटी बहीण दाखवतोय. कूस रिकामी आहे, रडतेय बिचारी.”

राजननं झटकन मान वर केली. बायकोला ना बहीण ना भाऊ, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मंदाकिनी उभी राहिली. “मी एकुलती एक आहे, ब्रदर. ही बहीण मी ग्रुपवर जन्माला घातली. तुमच्या देवानं ती तिथंच वाचली का?”

पितळ उघडं पडलं तरी ब्रदरचं तोंड थांबेना. देवाच्या अभिषिक्ताची परीक्षा घेतेस, शाप लागेल, घरादाराचं वाटोळं होईल, असं काय काय बोलत सुटला.

“द्या शाप,” ती म्हणाली. “खोटं बोलले त्याचा जाब मी माझ्या देवाला देईन, तुम्हाला नाही.”

तिनं पर्समधून नवं पेन काढलं आणि सगळ्यांदेखत राजनपुढे धरलं. राजननं एकदा ब्रदरकडे पाहिलं. मग पोटावरचा शर्ट वर केला.

“टोच,” तो म्हणाला.