तव्यावरचा खिमा आणि बारशाचं ताक

जवळ ये गं यमे. पोशीरला बसली असलीस तरी मनानं जरा जवळ सरक, कारण आधी तुला रागवायचं आहे आणि लांबून रागावलं की माझा घसा बसतो. होळीपासून तोंड दाखवलं नाहीस. आणि आता निरोप धाडलास तो कसला, तर "मावशी, ते तुमचं एका तव्यातलं डुकराचं झटपट कालवण कसं करायचं ते सांगा, घरधनी रोज दमून येतात." मावशी जिवंत आहे का, गुडघे कसे आहेत, हे विचारायला जीभ वळली नाही. कालवण!

तर ऐक. एका तव्यातला तो खिमा मी जन्मात एकदाच केला. झटपट झाला. निस्तरायला मात्र सगळा जन्म गेला.

तेव्हा मी नवी सून. घाटातून आगगाडी धावायला लागून थोडी वर्षं झालेली, आणि कर्जतला गाडीवाल्या साहेबांचे बंगले उठलेले. तुझे काका रोज तिथल्या एका बंगल्यावर दूध घालायला जात. त्या बंगल्यात मिंगेल नावाचा गोव्याकडचा बटलर होता. दूध घालून सरळ घरी यावं की नाही माणसानं? नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात उकिडवे बसायचे, बटलर काय रांधतो ते बघायचे, आणि घरी येऊन मला ऐकवायचे.

"येक तवा. बास. कांदा टाकला, लसूण टाकली, बारीक केलेलं डुकराचं मटण टाकलं, वरनं जराशी आंबट धार. माजं दुधाचं भांडं विसळून होतंय तवर ताटात. नायतर तुमी बायका. सकाळी चूल पेटवता ती रातीला इझवता."

(बटलरच्या हाताखाली मटण बारीक करायला एक माणूस होता, कांदा चिरायला दुसरा. ते ह्यांना दिसले नाहीत. पुरुषांना तवा तेवढा दिसतो.)

त्या साली आमच्या नणंदबाई, ठकूवन्सं, पहिल्या बाळंतपणाला घरी आल्या होत्या. मुलगा झाला. सगळा आनंद, पण सासूबाईंना घोर. कारण वन्संच्या सासूबाई, म्हणजे आमच्या खालापूरच्या विहीणबाई. त्यांनी लेकाच्या लग्नानंतर गळ्यात माळ घातली होती आणि तेव्हापासून कांद्याकडे सुद्धा त्या परक्या पुरुषाकडे बघावं तशा बघत. त्यांचा निरोप आला होता: बारशाला येईन, सून-नातवाला घेऊन जाईन, पण घरात मांसमच्छीचा वास जरी आला, तरी आल्या गाडीनं एकटी परत फिरेन, मग सांभाळा तुमची लेक तुम्हीच. आणि बाई बोलली की करणारी होती! वन्संच्या तोंडचं पाणी पळालेलं. सासूबाईंनी मडकी फोडून नवी आणली, भिंती सारवल्या, अंगणातल्या कोंबड्यासुद्धा शेजारी नेऊन सोडल्या.

बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई बैलगाडी जोडून त्यांच्या माहेरी पाळणा आणायला गेल्या. दिवेलागणीला परत येते म्हणाल्या. जाताना मला एवढंच बजावलं, "घराला जप. आन् त्या वरवंट्याला हात लावू नको."

वरवंट्याचं असं की पाचवीला सटवाई पुजताना घरातला पाटा-वरवंटा धुऊन पुजला होता. पाटा परत कामाला लागला, वरवंटा मात्र नव्या फडक्यात गुंडाळून बाळंतिणीच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला. बारशाला आधी त्यालाच कुंची घालून बाळ करतात, पाळण्यावरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, पाळण्यात निजवतात, मग खरं बाळ. तोवर आम्ही शेजारणीचा वरवंटा रोज मागून आणून वाटण वाटत होतो.

गाडी वळणाआड गेली नाही तोच हे हजर. हातात पळसाच्या पानात बांधलेलं गाठोडं. पिकल्या भातात शिरणारं रानडुक्कर गावानं मारलं होतं, आणि ह्यांनी हाकारे घातले म्हणून ह्यांनाही वाटा मिळालेला.

मी म्हटलं, "परत न्या. उद्या विहीणबाई येणार."

"उद्या ना? मग आज खाऊ. परसात तीन दगड मांड. आई यायच्या आत तवा धुवून मोकळी."

"रानातलं जून डुक्कर शिजायला अर्धी रात लागेल."

"म्हनून तर बटलरवानी बारीक करायचं गं." असं म्हणून हे ओसरीवर आडवे झाले. सल्ला दिला की ह्यांचं काम संपे.

बारीक करायचं! कशानं? कोयता घेतला, ओंडक्यावर मटण ठेवलं, घाव घातला. मटण उडून गोठ्याच्या कुडाला चिकटलं. पुन्हा धुतलं, पुन्हा घाव, आता ते म्हशीच्या पाठीवर. शेजारणीचा वरवंटा मागावा, तर मटणाआधी बातमी शिजली असती. सूर्य कलायला लागला. आणि खोलीत वन्संचा डोळा लागलेला, कोपऱ्यात तो वरवंटा नव्या फडक्यात साळसूद निजलेला.

यमे, मी फक्त त्याला उचलला. पुढचं आपोआप झालं.

मटण छान ठेचलं गेलं, ते सांगायला हवं. मग त्याच पाट्यावर लसूण आणि मूठभर लवंगी मिरच्या रगडल्या. तवा चुलीवर, कांदा परतला, खिमा टाकला, आणि बटलरच्या आंबट धारेच्या जागी आमसुलाचं आगळ. मिरचीचा असा ठसका उठला की ओसरीवर हे खोकत उठून बसले, म्हैस शिंकली, आणि आतून वन्संनी विचारलं, "वयनी, कसला गं वास?" मी म्हटलं, धुरी घालतेय, डास झालेत. तर वन्सं म्हणतात, "डासांना लसूण घालतेस? थोडी मला बी दे."

ह्यांनी तवा पुसून खाल्ला. मला तळाची खरपुडी. वर म्हणतात, "बरंय. पर बटलरच्या हाताला येगळीच चव हाय." तवा तेव्हाच त्यांच्या डोक्यात घालायचा, पण धुवायची घाई होती.

वरवंटा मी राखेनं घासला, काथ्यानं घासला, गोमूत्र शिंपडलं, पुसून फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवला. पण एक गोष्ट विसरले. त्या दिवाळीलाच पाथरवटाकडून पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेतली होती. अंगभर बारीक बारीक खळगे, आणि खळग्याखळग्यात माझी मिरची जाऊन बसलेली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. दारातच थांबल्या, नाक वर करून वास घेतला. सारवणाचा आणि उदाचा वास आला. मान हलवून आत आल्या. सासूबाईंनी श्वास सोडला, मी सोडला, वन्संनी सोडला. म्हटलं, सुटलो.

मग वरवंट्याला न्हाऊ घातलं. आणि सासूबाईंनी त्याला कोमट तेल चोळलं. चांगलं जिरवून जिरवून चोळलं! जी मिरची राखेला ऐकली नाही ती तेलाला लगेच ऐकली, सगळी वर आली. कुंची घातली, गळ्यात काळा गोफ घातला, तीट लावली. पहिला मान आजीचा, म्हणून वरवंटा विहीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, गोंजारला, आणि मायेनं बोटं आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली.

मी खांब धरला.

विहीणबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ह्या बाईच्या डोळ्यात पाणी कधी कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, दगडाला पाझर फुटला. त्यांना इतकं भरून आलं की पुढे होऊन त्यांनी आपल्याच हातांनी विहिणीचे डोळे पुसले. (तेल चोळलेल्या हातांनी!) मग स्वतःचे पुसले. आता दोघी रडायला लागल्या. वरवंटा पुढे गेला. शेजारीणकाकूंनी घेतला, बोटं डोळ्यांना लावली, त्या रडल्या. त्यांच्या जावेनं घेतला, ती रडली. दारातली एक म्हातारी म्हणाली, "आगं, बारसं हाय का मयत?" मग तिनंही घेतला आणि बसली हुंदके देत.

तेवढ्यात आदल्या दिवशी ह्यांच्याबरोबर शिकारीला गेलेलं आमचं कुत्रं आत आलं, पाळण्याखाली बसलं, वर वास घेतला आणि कुंचीतल्या वरवंट्याकडे बघून शेपूट हलवायला लागलं. सासूबाईंनी लाल डोळ्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

आणि विहीणबाई हात पसरून म्हणाल्या, "आणा आता माझ्या नातवाला."

वन्सं बाळाला घेऊन उठल्या. बारा दिवसांचा तो जीव, आणि त्याला घ्यायला पसरलेले ते सगळे हात! खरं सांगावं तर वन्संचा संसार जातो, गप्प बसावं तर बाळाचे डोळे जातात. माझी नजर कढीसाठी घुसळून ठेवलेल्या ताकाच्या डेऱ्यावर गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "थांबा! आमच्यात रीत हाय. ताकानं हात धुतल्याबिगर बाळाला कुनी घेत नाय."

सासूबाई म्हणाल्या, "कुनाच्यात?" मग कुत्र्याकडे पाहिलं, तवा टांगला होता त्या खुंटीकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, "हाय. लय जुनी रीत हाय. डोळं बी धुत्यात."

डेरा मध्ये आणला. सगळ्यांनी हात धुतले, तोंडं धुतली. विहीणबाईंनी डोळ्यांवर ताक घेतलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा निवत गेला की काय सांगू. वरवंट्याला "ह्यालाबी रीतच हाय" म्हणत मी डेऱ्यात बुडवून काढलं. मग बाळ पाळण्यात गेलं. विहीणबाई म्हणाल्या, असं सोवळं घर मी खालापुरात पाहिलं नाही, सुनेला आजच नेते. वन्सं वाजतगाजत सासरी गेल्या. पाहुण्यांनी कढीवाचून कोरडा भात गिळला, आणि ह्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "कडी का नाय केलीस गं? एवढं पन सुचत नाय?"

गाडी गेल्यावर सासूबाईंनी वरवंटा उचलला, नाकाशी नेला, बराच वेळ वास घेतला. मी पदराचं टोक चावत उभी. आता माहेरी धाडणार, नक्की.

म्हणाल्या, "येक घास तरी ठिवायचास गं माज्यासाठी. डोळं जळालं ते जळालं, चव तरी कळली असती."

झालं. ही गोष्ट इथं संपली असती तर मी तुला हसत सांगितली असती. पण विहीणबाईंनी ती रीत घरी नेली. त्यांच्या जावांनी उचलली, मग भावकीनं. गेल्या चैत्रात वन्संच्या नातवाच्या बारशाला मी खालापूरला गेले. मायेनं पाळण्याकडे हात नेला, तर कालची आलेली सून माझा हात धरून म्हणते, "आजी, आधी ताक. आमच्यात लय जुनी रीत हाय. तुमाला कुनी शिकवली नाय वाटतं."

आणि वन्सं, ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं, त्या शेजारी बसून तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी गुमान हात धुतले.

तेव्हा यमे, कालवण असं निरोपावर शिकता येत नाही. लवकर ये, चार दिवस राहा, तवा मी काढून ठेवते, आमसुलंही भरपूर आहेत. येताना तुझा वरवंटा तेवढा तू घेऊन ये. आणि माझ्या घरात शिरताना हात मात्र ताकानं धुवायचे, सांगून ठेवते. आमच्यात रीत आहे.