वन्संची शांतता

जगाच्या पाठीवर कुठेही दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील, तर ती दोन्ही माणसं म्हणजे आमच्या वन्सं, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताईच म्हणते. 'वन्सं' ऐकलं की आपल्याला कुणीतरी जबरदस्तीने नऊवारी नेसवल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून तो शब्द फक्त पाठीमागे. त्या तोक्योत वकील आहेत. आम्ही राहतो तिथल्याच फुनाबोरी भागात, आणि दर रविवारी त्या आमच्याकडे जेवायला येतात. त्या आल्याचं आम्हाला बेलने नव्हे, लिफ्टमधूनच कळतं, कारण फोनवर कुणाला तरी काहीतरी पटवणं चालू असतं. शेजारच्या जपानी आजी तेव्हा आपली खिडकी हळूच लावून घेतात. रागाने नव्हे हं. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडू देणं बरं नाही म्हणून.

वकील म्हटल्यावर मला आधी वाटलं होतं, काळा कोट घालून कोर्टात भांडत असणार, स्वभावाला साजेसंच. एकदा तसं विचारलं, तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कोर्ट? अगं, आमचं काम कोर्टात गेलं तर आम्ही नापास!" मग त्यांनी मला कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात समजावलं. चार बँका मिळून कुणाला तरी जहाज बांधायला कर्ज देतात, आणि त्याचा करार वन्संची टीम लिहिते. करारात मुख्यतः काय असतं, तर काय काय बिघडू शकतं ते. जहाज बुडालं तर, मालक बुडाला तर, बँकच बुडाली तर. दिवसभर असली तयारी करणाऱ्या माणसाबरोबर साधं नदीकाठी डबा घेऊन जायचं म्हटलं तरी पंचाईत. पाऊस आला तर? पुलाखाली जाऊ. पुलाखाली आधीच कुणी बसलेलं असेल तर? त्यांनी सरकून जागा दिली, पण मनातून वाईट वाटून घेतलं तर? या सगळ्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही डबा घरीच खाऊन संपवला, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

एवढ्या दूरदृष्टीच्या बाईला एक गोष्ट मात्र दिसली नाही, आणि ती त्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसली होती. हायाशी-सान त्यांचं नाव. टीममधले सर्वांत शांत वकील. त्याच सुमारास टीमचे साहेब निवृत्त होणार होते आणि ती जागा वन्संना मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, कनिष्ठ म्हणून सुरुवात करून त्या इथवर आल्या होत्या. आणि नेमकं एका जहाजाचं कर्ज ज्या दिवशी द्यायचं, त्याच दिवशी विम्याच्या कागदावर भलत्याच कंपनीचं नाव निघालं. सगळं पुढे ढकलावं लागलं. बँका नाराज, मालक संतप्त. हायाशी-सानना ते आधीपासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?" वन्सं किंचाळल्याच.

हायाशी-सान बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले आणि मग खूप वाकून म्हणाले, "मी सांगायला सुरुवात करत होतो."

"कधी?"

"प्रत्येक मीटिंगमध्ये."

वन्संना त्या साहेबपदाबद्दल वरून निरोप आला, 'आणखी थोडा विचार करू या.' या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे जपानमध्ये राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या रविवारी त्या लिफ्टमधून आवाज न करता वर आल्या. आम्ही घाबरलोच.

"मी 'कुणाला काही शंका?' असं विचारते," त्या मला म्हणाल्या, "आणि क्षणभर कुणी बोललं नाही की मीच उत्तर देऊन टाकते. आपल्याकडे गप्प बसला म्हणजे हरला. इथे गप्प बसला म्हणजे आत्ता कुठे बोलायच्या तयारीला लागला. इतकी वर्षं राहून मला हे कळू नये? तू मला गप्प बसायला शिकव."

"मी?"

"मग काय तर! तुझ्याइतकं गप्प आमच्या घरात कोण बसतं?"

हा मान की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या घरात मला बोलायला फट कधी सापडली, हे ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्या पुढचं बोलायला लागल्या होत्या. शेवटी मी माझ्या अल्पमतीप्रमाणे एक युक्ती काढली: प्रश्न विचारायचा आणि लगेच हिरव्या चहाचा मोठा घोट तोंडात धरायचा. समोरचा बोलेपर्यंत गिळायचा नाही.

सराव आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाला. "उसळ कशी झालीय?" असं भावाला विचारून वन्संनी घोट घेतला आणि गाल फुगवून त्याच्याकडे टक लावली. तो बिचारा प्रयोगशाळेत पेशींकडे बघत आयुष्य काढलेला माणूस. उलट कुणी आपल्याकडे बघण्याची त्याला सवय नाही.

"ताई, दाढ दुखतेय का तुझी?"

वन्संनी नकारार्थी मान हलवली.

"मग घोट अडकला का? गिळ ना! अगं, ही गिळत का नाहीये?"

"आत्या, कोवाई!" म्हणजे भीती वाटतेय, असं आमची लेक म्हणाली आणि हसत सुटली. तिचं हसू संपल्यावर वन्संनी तिच्याकडे मोहरा वळवला, घोट गिळून "शाळा कशी चाललीय?" असं विचारलं आणि लगेच नवा घोट घेतला. या प्रश्नाला आमच्या घरात रोज एकच उत्तर मिळतं, 'फुत्सू', म्हणजे नेहमीसारखी. तेही फोनमधून डोकं न काढता. तेवढं म्हणून झालं तरी वन्सं गाल फुगवून बसलेल्याच. मग लेकीने फोन पालथा ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आत्या, मला बास्केटबॉल सोडायचाय. मला तिथे कुणी मैत्रीण नाहीये."

"अगं, मग हे आम्हाला का नाही—" आम्ही दोघं एकदम ओरडलो. वन्संनी फुगलेल्या गालांनिशी, वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. लेक पुढे पुष्कळ बोलली. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कुतूहल वाटलं, की आपल्या आजूबाजूच्या किती माणसांची वाक्यं अशी अर्ध्या वाटेवर उभी असतील.

ऑफिसातल्या पुढच्या मीटिंगला वन्सं चहाची बाटली घेऊन गेल्या. शंका विचारली, घोट घेतला. "इतका वेळ गेला ना," त्यांनी नंतर सांगितलं, "की मला वाटलं, आता मीच निवृत्त होणार." मग हायाशी-साननी घसा साफ केला आणि एका कलमातली चूक दाखवली. त्यांच्यामागून दुसरे बोलले, मग तिसरे. वन्संना रागच आला. इतकी हुशार माणसं आपल्यासमोर बसून होती आणि आपण एकट्याच बोलत होतो! पुढच्या वसंतात टीम त्यांच्याकडे आली. वरिष्ठांनी आधी टीममधल्या एकेकाला विचारलं होतं म्हणे, आणि हायाशी-साननी फार वेळ न घेता 'हो' म्हटलं होतं.

ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं वन्संनी ठरवलं. सुट्टीत आम्ही सगळे पुण्याला, माझ्या सासरी गेलो. "मीच सांगणार. तू तोंड उघडू नकोस," विमानात त्यांनी मला बजावलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला सासूबाई, सासरे, दोन मावश्या आणि आम्ही. आमरस, गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा तरी घटस्फोट, सोसायटीचं पाणी, सगळं एकदम चालू. वन्सं हातात पुरी धरून बसल्या होत्या. त्या फट शोधत होत्या! या टेबलावर एके काळी त्यांच्याच आवाजाने ताटं हलायची. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मी टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, की जरा सगळ्यांना थांबव. तो मोठ्याने म्हणाला, "लाथ का मारतेस?" आणि त्यावर मावश्यांचा नवा विषय सुरू झाला.

जेवणं आटोपली, माणसं पांगली. टेबलाशी उरले फक्त सासरे आणि वन्सं. सासूबाईंचा विरोध मोडून लेकीला वकिलीला घातलं ते याच माणसाने. मी लग्न होऊन आल्यापासून मात्र ते घरात फारसं बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांना कमी ऐकू येत असावं, अशी माझी समजूत होती. मी ओट्याशी भांडी घासत होते. मागे बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा मी वळून पाहिलं. दोघांचे उष्टे हात वाळत आले होते.

"अप्पा," वन्सं अगदी हळू म्हणाल्या, "टीम मला मिळाली."

अप्पांनी मान डोलावली. मग ते कितीतरी वेळ ताटाच्या काठाकडे बघत राहिले. वन्संनी त्यांना घाई केली नाही.

"तू आलीस तेव्हाच चेहऱ्यावर दिसलं होतं," अप्पा म्हणाले. "पण कसं झालं ते विचारायचं होतं. कालपासून विचारतोय."

वन्संनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मी नळ बंद केला.