वारा पाहून बसणारी नणंद

या इकडे, जवळ बसा जरा. आणि ते हसणं आधी बंद करा. माझी आंधळगावची नणंद अंगणात शिरली की तुम्ही पदराआड हसता, ते मला दिसत नाही का? अख्ख्या भंडारा जिल्ह्यातून कोरोना गेला, पण हिच्या डोक्यातून गेला नाही, हे तर मीच म्हणत होते. इतकी सांभाळून राहणारी बाई ब्रह्मदेवाने एकच घडवली आणि ती आमच्या सिहोऱ्याच्या घराला दिली.

निघायच्या आधी तिचा फोन येणार. कोणाला सर्दी, कोण खोकतं, सगळी चौकशी. एकदा फोनवर आमचा बैल शिंकला, तर हिने येणं दोन दिवस पुढे ढकललं. लग्नात जेवायची ती मांडवाबाहेर, ताट घरचं, तोंडाला फडकंही घरच्या मागावर विणलेलं, कोशाच्या रेशमाचं, काठासकट. एका लग्नात व्याही आग्रह करायला आले, तर ही ताटासकट चार पावलं मागे सरली आणि लाडू मातीत पडला. म्हणाली, राग लाडवावर नाही भाऊ, तुमच्या खोकल्यावर आहे. भाऊबीजेला तर कुंकू लावायला वेळूची लांब काडी घेऊन आली, टोकाला कापूस गुंडाळलेली. तिचे दादा, म्हणजे आमचे हे, पाटावरून म्हणाले, "मले ओवाळून राहिली का भिंत पोतून राहिली?"

बसायच्या आधी ती मूठभर कोंडा वर उडवते. धान उपणताना आपण वारा पाहतो ना, तसा. मग जागा धरते. जिवाला फारच भिते बाई, असं मी कितीतरी दिवस मनात धरलं होतं. एकदा सुपातलं पाखडता पाखडता नीट पाहिलं. कोंडा उडून जाई तिकडे ही बसलेली, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला हे. म्हणजे आमचा श्वास तिच्यावर, तिचा मात्र यांच्याकडे नाही. स्वतःच्या जिवाला भिणारी बाई अशी बसेल का, तुम्हीच सांगा.

कोरोनाच्या वर्षी ती थोडं नाक वाहत असताना आली होती. दोघं बहीणभाऊ एका ताटात जेवले, लहानपणासारखे. आठ दिवसांनी हे भंडाऱ्याच्या दवाखान्यात. परत आले, पण आता बांधावर चढताना दोनदा थांबतात. कोणाचं कोणाकडून आलं, देव जाणे. हिने ते आपल्या पदरात बांधून घेतलं.

यंदाच्या भाऊबीजेला हे सकाळीच आंघोळ करून पाटावर बसले. ही सिहोऱ्याच्या स्टँडवर उतरली, घसा खवखवला, आणि तिथूनच फोन केला, परत चालली म्हणून.

"ये ना बाई," हे म्हणाले, "माह्यं काय राहिलं आता?"

"तुहं नसन राहिलं दादा. माहं तं तूच राहिला."

हे दुपारपर्यंत पाटावरून उठले नाहीत.

नणंदबाई, हे तुझ्या कानावर जाईलच म्हणून तुलाच सांगते. तू गेलीस ते बरोबरच केलंस, मला राग नाही. पण तेव्हापासून मोटारीचा आवाज आला की हे दारात जाऊन उभे राहतात आणि मला म्हणतात, सहज उभा आहो. घसा पुरता बरा होऊ दे. सध्या अंगणात ऊन छान असतं, आम्हा दोघांनाही सर्दी नाही. भाऊबीजेला तिथी कशाला पाहिजे, तू येशील तो दिवस. लवकर ये, बाई.