आईने पॅनेलना तेल लावलं

बोरिवलीच्या खाडीकडे आमचा कोळीवाडा. तिथल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल आले ते भाड्याने. पॅनेल कंपनीचे, गच्ची आमची, करार लांबलचक. आईला त्यातलं एकच कळत होतं, की आता तिचा फ्रीजर स्वस्तात चालणार. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं बाजारात बसणं सुटलं होतं. फ्रीजरमुळे मात्र धंदा घरात आला. सकाळी होडीवरून पापलेट, सुरमई घ्यायची, साफ करून ठेवायची. सोसायट्यांमधल्या बायका फोन करून न्यायला यायच्या आणि आई त्यांच्याशी भावावरून मनसोक्त भांडायची.

मग वीज कमी व्हायला लागली आणि बिल चढायला लागलं. दादा म्हणाला, "आई, विकून टाक तो फ्रीजर. आता आराम कर." आराम हा शब्द आईला शिवीसारखा लागतो. ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

मी करार काढून वाचला. वीज दरवर्षी थोडी उतरणारच, असं त्यात सरळ लिहिलं होतं. फारच खाली गेली तर कंपनी पॅनेल बदलून देणार. आमची त्याच्याही खाली गेली होती. मी कंपनीला फोन करकरून भंडावून सोडलं. मला राग यायला वेळ लागत नाही आणि आला की तो मराठी-हिंदी दोन्हीत येतो. शेवटी त्यांचा माणूस आला.

त्याने काचेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. काळं, चिकट काहीतरी होतं.

"समोरच्या टॉवरचं काम चालू आहे ना, त्याची धूळ," मी घाईने म्हणाले.

"धूळ अशी चिकटत नाही मॅडम. काही लावलं होतं का याला?"

आई जिना चढून धापा टाकत वर आली होती. ती अभिमानाने म्हणाली, "मी लावते ना तेल! खोबरेल. दर पुनवेला."

मी कपाळावर हात मारला. पण तिचं खरंच काय चुकलं होतं? लाकडाच्या होडीला आमच्याकडे तेल पाजतात. खारा वारा सगळं खातो, खिळे खातो, ग्रिल खातो. वस्तू टिकवायची तर तिला तेल लावायचं, हे आई लहानपणापासून बघत आलेली. हे पॅनेल तर परक्याचे, म्हणून तिने जास्तच जपले.

त्या माणसाचा चेहरा उतरला. काचेवर काही लावलं तर हमी संपते, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. एरवी मी त्याच्यावर तुटून पडले असते, पण त्यालाच इतकं वाईट वाटत होतं की मला बोलवेना.

"म्हणजे माझ्या तेलाने हे आजारी पडले?" आईने विचारलं.

"नाही मावशी, वयाने पण होतं," तो म्हणाला. "सगळेच पॅनेल हळूहळू थकतात." मग त्याने स्वतः बाह्या सरसावून साबणाच्या पाण्याने सगळ्या काचा धुतल्या. ते काही त्याचं काम नव्हतं.

वीज थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही. वरचं बिल मी भरीन, असं मी आईला सांगून टाकलं. 

त्या रविवारी मी आईकडे गेले तर फ्रीजर रिकामा, पुसून कोरडा केलेला, दार उघडं. उरलेली मासळी तिने शेजारी वाटून टाकली होती.

"आई, अगं मी भरते म्हटलं ना बिल?"

"बिलाचं नाही गो," ती म्हणाली. "तो माणूस सांगून गेला ना, थकलेत म्हणून. थकलेल्याकडून किती काम करून घ्यायचं?"

पॅनेलना ओझं लागत नाही, हे मी तिला तीनदा समजावलं. ती ऐकून घेत होती आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे चोळत होती.