राजदूतकाकांनी खाली ठेवलेला कप

मासळी साफ करून हात कितीही धुतले तरी एखादं खवलं कोपराला चिकटलेलं राहतंच. राजदूतकाकांचे किस्से मला तसेच चिकटलेत. मी रत्नागिरीत त्यांच्या मांडवीच्या घरी स्वयंपाकाला जाते. काका जन्मभर आपल्या सरकारचे राजदूत म्हणून या देशातून त्या देशात राहिले आणि रिटायर झाल्यावर परत मांडवीत आले. मी भाजी चिरते, माझी स्वरा पडवीत खेळते, काका बोलतात. शिक्षण माझं सातवी, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे झालं असेल. पण खोटं काहीही नाही!

*

कामाच्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "राजदूत म्हणजे काय गो करतो?"

म्हटलं, "दुसऱ्यांच्या देशात आपल्या देशाचा माणूस म्हणून राहायचं."

"मग आमचा संदेश काय वेगळं करतो?"

संदेश म्हणजे माझा नवरा. बोटीवर खलाशी आहे. हे मी काकांना सांगितलं तर काका खो खो हसले. "बरोबर बोलल्या! फरक एवढाच, मला राहायला बंगला द्यायचे."

*

एका थंड देशातला मंत्री भेटायला येणाऱ्यांसाठी मुद्दाम बुटकी खुर्ची ठेवायचा. बसलं की गुडघे हनुवटीला! काका बसलेच नाहीत. सगळं बोलणं उभ्याने केलं. वर बघून बघून मंत्र्याची मान अवघडली. पुढच्या भेटीला खुर्ची बरोबरीची.

"आणि नसती ठेवली तर?" मी विचारलं.

"तर घरून स्टूल घेऊन गेलो असतो. उंच!"

देश कुठला ते विचारलं तर सांगत नाहीत. म्हणतात, "रिटायर मी झालोय, माझी जीभ नाही."

*

काकी त्यांच्याही वरताण. तिकडच्या सरकारी बंगल्याच्या गच्चीत त्यांनी रत्नागिरीहून नेलेले सुक्या कोलंबीचे सोडे उन्हात घातले. शेजारी एका बड्या देशाचा राजदूत. त्याने माणूस पाठवला, वासाचं काहीतरी बघा. काकांच्या ऑफिसातले घाबरले. काकाही म्हणाले, "आत घेऊ या का?"

काकी म्हणाल्या, "त्यांच्या चीजचा वास येतो तेव्हा मी माणूस पाठवते?"

सोडे गच्चीतच राहिले. काका अजून सांगतात, "बाकी ठिकाणी पुढेमागे झालं असेल. पण त्या गच्चीवरून आपण एक इंच मागे हटलो नाही!"

*

एका वाळवंटी देशात आपल्या खलाशांची बोट बंदरात अडकवून ठेवली होती. पोरांना खायला धड मिळेना. काका बंदराच्या मोठ्या साहेबाकडे गेले. कॉफी आली. तिकडची जुनी रीत अशी की मागणं घेऊन आलेला पाहुणा कप खाली ठेवतो. यजमान "दिलं" म्हणेपर्यंत तोंडाला लावत नाही. आणि पाहुणा न पिताच उठून गेला तर यजमानाची नाचक्की!

काकांनी कप खाली ठेवला. साहेब हवेबद्दल बोलला, घोड्यांबद्दल बोलला, मुलाच्या लग्नाबद्दल बोलला. काका नुसते "वा, वा!" कपाला हात नाही. शेवटी साहेब म्हणाला, "प्या हो! सोडली तुमची पोरं."

"मग प्यायलात?"

"प्यायलो तर. गार आणि कडूजहर! तशी कॉफी परत कुठे मिळाली नाही."

*

हा किस्सा ऐकून मी हसले नव्हते. संदेशचं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा संपलं होतं, पण कंपनी त्याला बोटीवरून उतरवत नव्हती. बदली माणूस मिळत नाही, म्हणे. फोनवर त्याचा आवाज बारीक होत चालला होता. माझं खाणंपिणं सुटलं. स्वरा नुसती शिंकली तरी मी डॉक्टरकडे धावायचे. ज्या एजंटने त्याला पाठवलं, त्याच्या मिरजोळ्याच्या ऑफिसात मी फेऱ्या मारत होते. दर वेळी तो म्हणायचा, "होईल हो वहिनी, चहा घ्या." मी चहा प्यायचे आणि घरी यायचे.

काकांनी कुठे कुठे फोन लावले. मग म्हणाले, "माझे फोन उचलणारेही रिटायर झाले गो."

"मग मीच जाते," म्हटलं.

स्वराला कडेवर घेऊन गेले. मुलांना बोटीवर लावायला आलेले आईबाप बाकावर बसले होते. सगळ्यांना चहा आला. मी माझा कप टेबलावर ठेवला.

"घ्या ना वहिनी."

"तिकीट निघालं की घेते."

"अहो, चहाचा आणि तिकिटाचा काय संबंध?"

"तो तुम्हीच लावलात! दर वेळी मी तिकीट मागते, तुम्ही चहा देता."

एजंट हसला. बाकावरचं कोणी हसलं नाही. सावर्ड्याहून मुलाला घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, "तुमच्या माणसाला उतरवत नाहीत काय?" मी सगळं सांगितलं. तिने आपल्या मुलाकडे बघितलं आणि तिचा कप माझ्या कपाशेजारी ठेवला. मग बाजूच्या म्हाताऱ्याने ठेवला. मग सगळ्यांनीच!

चहावर साय धरली. एजंट एकदा कपांकडे बघे, एकदा माणसांकडे. शेवटी त्याने फोन उचलला आणि कंपनीच्या माणसावर इंग्लिशमध्ये ओरडला. मला इंग्लिश येत नाही, पण "टिकिट" कळलं. तिकीट मोबाईलवर आलेलं बघूनच मी उठले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आज पण चहा पिऊन आलीस ना?"

"प्यायले. सायीसकट!"

*

संदेश आला. काका-काकींना भेटायला तिघं मांडवीला गेलो. काकींनी आम्हाला चहा दिला, स्वराला दूध. बोलता बोलता संदेश म्हणाला, "एजंटचा परत फोन होता. दुसरी बोट आहे, पगार जास्त देतात."



स्वराने दुधाचा पेला जमिनीवर ठेवला.

"पी गो बाय," संदेश म्हणाला.

"तू जाणार नाही बोल. मग पिते."

संदेशने माझ्याकडे बघितलं. मी काही शिकवलं नव्हतं, देवाशपथ!

काकी म्हणाल्या, "दूध गार होईल हां."

"होऊ दे," स्वरा म्हणाली.

काकांचा कप ओठांपर्यंत गेला होता. त्यांनी तो हळूच खाली, तिच्या पेल्याशेजारी ठेवला.