रस्त्याकडेचं शेततळं

शेततळ्यांच्या कामात पाणी साठो न साठो, किस्से साठतातच. त्यांना पाऊस लागत नाही, बुडाला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागत नाही, आणि उन्हाळ्यात ते आटतही नाहीत. लोहाऱ्यात खताच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. संध्याकाळी चहा आला की तिथं एकेक जण सुरू होतो. बाहेरचा माणूस ऐकतो, पोट धरून हसतो आणि घरी जातो. आम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच शेतात परत जायचं असतं.

आमची संस्था शेतकऱ्यांना शेततळी खोदून देते. पैसा कुठल्यातरी कंपनीचा, जमीन शेतकऱ्याची आणि अक्कल आमच्या सरांची, अशी वाटणी आहे. सर पुण्याला राहतात. पाण्यावर ते इतकं सुंदर बोलतात की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. मी दिगंबर, त्यांच्या हाताखाली मोटरसायकलवरून गावं पालथी घालणारा माणूस.

किस्से सगळ्याच गावांचे आहेत. पण सुमनकाकूंच्या तळ्याचे निघाले की दुसऱ्या कुणाला बोलायला वावच उरत नाही.

सास्तूरच्या पुढं एका गावात काकूंचं थोडकं रान आहे. त्यात त्यांनी केशर आंब्याची कलमं लावलेली. नवरा पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. आंबे धरायला लागले की त्यानं नोकरी सोडून घरी यायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं. म्हणजे कलमं जगली तर माणूस घरी, नाहीतर गेटवर. काकूंना तळं हवं होतं ते एवढ्यासाठी.

०००

जागा बघायला सर स्वतः आले. काकूंचं रान रस्त्यापासून उतरत उतरत ओढ्याकडं जातं. पावसाचं सगळं पाणी खालच्या कोपऱ्यात गोळा होतं. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, तरी आम्ही एक सोबत नेला होता.

सर गाडीतून उतरले. आधी बुटांकडं बघितलं, मग ढेकळांकडं बघितलं, आणि रस्त्याला लागून असलेल्या माळावर बोट ठेवलं. म्हणाले, इथंच खोदायचं.

मी म्हटलं, सर, हा उंचवटा आहे, पाणी इथून खाली जातं, इथं येत नाही. इंजिनियरनं माझ्याकडं बघून मान डोलावली. सरांनी त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं तीच मान त्यांच्याकडं वळवून डोलावली.

सर शांतपणे म्हणाले, "दिगंबर, पाणी काय, कुठूनही आणता येतं. पाहुण्यांना खाली चिखलात कसं नेणार?"

काकूंनी मला बांधावर बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बापू, न्हाई म्हणलं तर तळंच मिळणार न्हाई का?" मी म्हणालो, नाही मिळणार. त्यांनी एकदा खालच्या कोपऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, मग खोदा माळावर.

०००

तळ्याच्या आधी तळ्याचा बोर्ड आला. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. लग्नाआधी पत्रिका छापतात तसंच हे, असं सर सांगतात.

बोर्ड चांगला दोन पुरुष उंच. वर कंपनीच्या मोठ्या साहेबांचा हसरा फोटो, खाली सरांचा गंभीर फोटो, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात काकूंचं नाव. त्या अक्षरात काकूंचं आडनावही चुकलेलं होतं. काँक्रीट ओतून तो असा पक्का रोवला की पुन्हा त्र्याण्णवसारखा भूकंप झाला तर गावात तेवढा एकटा उभा राहील.

मग पोकलेन आलं, खड्डा झाला, निळा कागद अंथरला गेला. शेवटी पाणी आत यायला चारी काढायची वेळ आली तेव्हा कळलं की चारीची जागा एकच आहे आणि तिथं बोर्ड उभा आहे. त्या माळावर रस्त्याच्या बाजूनं जे काही थोडं पाणी वाहतं ते तिथूनच आत येऊ शकत होतं. मी पुण्याला फोन केला. सरांनी विचारलं, हलवला तर तो रस्त्यावरून दिसेल का? मी म्हटलं, तितका नाही दिसणार. मग राहू दे म्हणाले.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. मी छत्री घेऊन मुद्दाम बघायला गेलो. पाणी माळावरून वळवळत खाली आलं, बोर्डाच्या काँक्रीटला धडकलं, वळलं आणि डांबरी रस्त्यानं सरळ सास्तूरकडं निघून गेलं. तळ्यात आभाळातून थेट पडलं तेवढंच राहिलं. त्यात बेडकांची सोय झाली.

०००

गावातलं दुसरं तळं अण्णांचं. अण्णा मोठे बागायतदार, काकूंचे बांधशेजारी. त्यांचं तळं आमच्या सगळ्या तळ्यांत देखणं, पावसाळा सरला तरी काठोकाठ भरलेलं. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी तिथंच नेतो.

ते पावसानं भरलेलं नव्हतंच. अण्णांनी बांधाला लागून दोन बोअर मारले आणि मोटारी लावून जमिनीतलं पाणी उपसून वर तळ्यात साठवलं. उन्हाला अर्धं वाफ होऊन उडालं तरी उरलेलं त्यांचंच. दिवाळी झाली आणि काकूंच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. तेव्हापासून काकू नळाला येणारं पिण्याचं पाणी कळशीनं वाहून कलमांना घालू लागल्या. घरात सुनेशी त्यावरून रोज तोंडातोंडी.

या अण्णांना आमच्या संस्थेनं जलमित्र पुरस्कार दिला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. मी सत्काराला टाळ्या वाजवत उभा होतो आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या देत होतो, अण्णांनाही आणि सरांनाही.

अण्णा मात्र प्रामाणिक माणूस. पाणी साठवण्याची प्रेरणा कुठून मिळाली असं सरांनी माईकवर विचारलं, तर सरळ सांगून मोकळे झाले, "त्याचं काय हाय साहेब, पाणी जमिनीत हाय तवर ते समद्यांचं असतंय. तळ्यात आलं की आपलं."

टाळ्या पडल्या. सर तर हे वाक्य लिहून घेत होते.

०००

पाणी जपून कसं वापरावं याची कार्यशाळा धाराशिवला झाली. हॉटेलचा गारेगार हॉल, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, पडद्यावर थेंबाचं चित्र. काकूंना मी जीपमधून घेऊन गेलो होतो, कारण लाभार्थी महिला बसलेल्या दिसल्या पाहिजेत अशी सूचना होती.

तज्ज्ञ एकामागून एक थेंबाथेंबाचं महत्त्व सांगत होते. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. प्रत्येकानं ती फोडायची, दोन घोट घ्यायचे, जेवून आल्यावर आपली कुठली ते आठवेना म्हणून नवी फोडायची.

समारोपाला सगळे फोटोसाठी स्टेजवर गेले. काकू मात्र टेबलाटेबलांवरून फिरत उष्ट्या बाटल्या गोळा करत होत्या. पोतं भरलं. हॉटेलचा पोरगा बघतच राहिला. त्याला वाटलं बाई भंगारवाली आहे. मी आडवा गेलो, पोतं उचललं आणि जीपमध्ये टाकलं.

परतीच्या वाटेवर काकू पोत्यावर हात ठेवून बसल्या होत्या. खूश होत्या. मला म्हणाल्या, "बापू, असल्या मीटिंगा रोज ठेवा की. माझी झाडं जगतील."

०००

मग तळ्यांमुळं लोकांचं आयुष्य कितपत बदललं हे तपासायला दिल्लीहून एक मॅडम आल्या. आमच्या भागाला पाहुण्यांची सवय भूकंपापासूनची. गाडीतून कुणी उतरलं की बाया आपोआप ओळीत उभ्या राहतात. मॅडमला मराठी येत नव्हतं, म्हणून सर स्वतः दुभाषे झाले.

मॅडमनी हिंदीत विचारलं, तळ्यानं तुमच्या जगण्यात काय फरक पडला? काकूंना प्रश्न कळला होता. आमच्याकडं हिंदी सगळ्यांना कळतं, बोलायचा कंटाळा असतो.

काकू म्हणाल्या, "लई फरक पडला की. कागदावरनं घसरून अण्णाची एक शेळी आत पडली. तवापासनं दिसभर तळ्याला राखण बसावं लागतंय. रानात जायला सवडच न्हाई."

सरांनी क्षणभरही न थांबता मॅडमना सांगितलं, "ये कह रही हैं, घर के पास ही रोजगार मिल गया."

मॅडमचे डोळे पाणावले. तळ्याला तेवढं पाणी त्या दिवशी नव्हतं.

०००

आणि आता जलपूजनाचं सांगतो.

कंपनीचे मोठे साहेब, म्हणजे बोर्डावर हसणारे, भर उन्हाळ्यात यायचे ठरले. पहिल्या दिवशी काकूंच्या तळ्याचं जलपूजन, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातल्या तळ्याचं. दोन्ही तळी ठणठणीत कोरडी. बाळू नावाचा आमचा ओळखीचा टँकरवाला आहे. सरांनी परस्पर त्याला गाठलं. त्यानं दोन दिवस खेपा करून काकूंच्या तळ्याच्या बुडाशी गुडघाभर पाणी केलं.

काकूंना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच बघितलं की तळ्यात पाणी आलंय. कलमांची पानं तोवर कडेनं करपायला लागली होती. बाटल्या कधीच संपलेल्या. नवऱ्याचा पुण्याहून फोन यायचा, तो आधी झाडांची चौकशी करायचा, मग माणसांची. त्या दिवशी काकूंनी त्याला आपण होऊन फोन लावला. मला म्हणाल्या, "तांब्या तांब्या घातलं तरी पावसापत्तोर निघतंय बापू. जगली बघा झाडं." इतकं हसू त्यांच्या तोंडावर मी आधी पाहिलं नव्हतं. मीही सरांना मनातल्या मनात माफ करून टाकलं.

साहेब आले. मांडव, हलगी, फेटे. फोटोवाला तळ्याच्या काठावर पालथा पडून फोटो काढत होता, कारण तसा काढला तरच पाणी भरपूर दिसत होतं. पाण्याची ओटी काकूंनी भरायची ठरलं. माहेरवाशिणीची भरावी तशी त्यांनी ती मनापासून भरली. हळदीकुंकू, तांदूळ, नारळ, खण आणि साहेबांनी आणलेली भरजरी साडी, सगळं पाण्यात सोडलं. साहेबांनी भाषणात सांगितलं की या गावाची तहान कायमची मिटली. मग जेवणं झाली आणि गाड्या धुरळा उडवत गेल्या.

धुरळा बसतो न बसतो तोच बाळूनं टँकर तळ्याला लावला, पाइप आत सोडला आणि इंजिन चालू केलं. मी ओरडलो, अरे, काय करतोस? तो म्हणाला, सरांनीच सांगितलंय. सगळे टँकर गावांना पाणी पुरवायला लागलेत, दुसरं पाणी मिळत नाही, तेव्हा उद्याच्या पूजेला हेच न्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांना फोन लावला तर ते साहेबांच्या गाडीत होते, उचलेनात.

काकू मांडवातून पळत आल्या. पाणी पाइपातून चढताना त्यांनी बघितलं.

बाळू मनानं वाईट नाही. काकूंचं तोंड बघून तोही ओशाळला, आणि वेळ मारून न्यायला म्हणाला, "काकू, ओटी भरली न्हवं? मग आता पाठवणी नको का करायला?"

मांडव सोडणारी माणसं हसली.

काकूंनी पदर खोचला. निळ्या कागदावर बसून घसरत त्या खाली तळ्यात उतरल्या. तरंगणारी ती भरजरी साडी उचलली, पाइपाच्या तोंडाला गच्च गुंडाळली, वर गाठ मारली आणि पाइप मांडीखाली घेऊन पाण्यात बसल्या. इंजिन घरघरलं, धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं.

खालून काकूंचा आवाज आला, "ओटी म्या भरली. पाठवणी कवा करायची त्ये म्या ठरवीन."

बाळूनं मुकाट्यानं पाइप गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावात हलगी वाजत होती, साहेब फेटा बांधून कोरड्या तळ्याच्या काठावर उभे होते, आणि मी काकूंच्या रानात कलमांना आळी करत होतो. सरांचा फोन आला. हळू आवाजात, दातओठ खात त्यांनी विचारलं, "दिगंबर, पाणी कुठं आहे?"

मी म्हणालो, "माहेरी राहिलंय, सर."