अहिरे मॅडमचं रबर

मुलाखतीला गेलो तेव्हा अहिरे मॅडमनी माझ्या पदवीकडे पाहिलंच नाही. उजव्या पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवायला सांगितली. तळ दोन्ही हातांनी दुमडला, वास घेतला, "दिवाळीआधी चिरेल," असं सांगितलं आणि मला नोकरी दिली. चप्पल दसऱ्यालाच गेली.

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा रबर कारखान्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. माहेर नामपूरचं. एरवी बोलणं नाशिकचं, पण राग किंवा आनंद आवरेनासा झाला की अहिराणी बाहेर पडायची, 'केलंय'चं 'करेल शे' व्हायचं. दिसेल ते रबर ताणून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एका बारशात त्यांनी बाळाच्या तोंडातलं चोखणं काढून ताणलं. त्या घरातून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

आम्ही द्राक्षबागेतल्या फवारणीचे पाइप बनवायचो, नैसर्गिक रबराचे. कितीही ओढा, तुटायचे नाहीत. पण उन्हात पडून राहिले की भेगा. पिंपळगावच्या मोठ्या विक्रेत्यानं पुढच्या हंगामात माल घेणार नाही म्हणून कळवलं. पाइप बंद म्हणजे निम्मा कारखाना बंद. मॅडमनी ठरवलं, उन्हाला दाद न देणारं कृत्रिम रबर यात मिसळायचं.

मिश्रणाच्या पट्ट्या त्यांच्या गच्चीवर कुरडयांशेजारी ऊन खात पडल्या. सासूबाईंनी नव्या तऱ्हेच्या पापड्या समजून त्यातल्या दोन तळल्या. सोसायटीभर धूर झाला. मॅडम त्या तळलेल्या पट्ट्या रुमालात बांधून कारखान्यात घेऊन आल्या आणि मोजायला बसल्या. "तेलात फुगतंय," एवढंच म्हणाल्या.

पहिली चाचणी पिंपळगावजवळच्या एका बागेत झाली. आमचे मालक पांढऱ्याशुभ्र शर्टात हजर होते. पंप सुरू झाला आणि पाइप नेमका त्यांच्याशेजारी फाटला. मोरचुदाच्या निळ्या फवाऱ्यात मालक नखशिखांत न्हाले. शेतकरी हसू दाबत राहिले. मॅडम धावत आल्या त्या पाइपकडे. तुकडा कापून पाहिला, तर दोन्ही रबरं थरासारखी सुटी झालेली.

"साहेब, दोघांना एकाच भट्टीत घातलं, पण शिजायचा वेळ वेगळा," त्या समजावू लागल्या. "एक शिजलं, दुसरं कच्चं राहिलं. डाळ-तांदळाचं होतं तसं."

मालकांनी आधी टॉवेल मिळेल का, असं विचारलं.

मग मॅडमनी कच्चं राहणारं रबर अगोदर थोडं शिजवून घ्यायला आणि नंतर दुसऱ्यात मिसळायला सुरुवात केली. पुष्कळ घाणे वाया गेले. शेवटी जो पाइप निघाला, तो उन्हाळाभर त्याच बागेत लोळत पडला आणि त्याच्यावर भेग म्हणून आली नाही. विक्रेता परत आला.

खरं भांडण झालं लेबलावरून. लोकांना शुद्ध माल आवडतो, म्हणून मालकांना पाइपवर 'शुद्ध रबर' छापायचं होतं. मॅडमनी नकार दिला. मालकांनी आवाज चढवला, तशी मॅडमनी टेबलाची किल्ली काढून समोर ठेवली.

"साहेब, शुद्ध होतं तेच फाटत होतं. हे मिसळलंय म्हणून टिकलंय. ते लपवायचं असेल, तर मी चालले."

मालकांनी किल्ली परत मॅडमकडे सरकवली. लेबलावर 'मिश्र रबर' छापलं गेलं. पहिल्या हंगामात भेसळीचा माल समजून कुणी हात लावीना. मॅडम चरफडत, पण लेबल बदलू देत नसत.

निवृत्तीनंतर त्या नामपूरला जायला निघाल्या, तेव्हा मी गाडीनं सोडायला गेलो. वाटेत पिंपळगावला दुकानात थांबलो. एक शेतकरी पाइप मागत होता. दुकानदारानं दोन-तीन दाखवले, त्यानं ते बाजूला सारले.

"हे नाय. तो मिसळ पाइप द्या. मिश्र लिवलेला. लय टिकतो."

मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत उभ्या राहिल्या. काचा स्वच्छच होत्या. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,

"यानी लेबल वाचेल शे."